डॅडच्या दोन गाड्या

डॅडला मातीआड करून तास झाला नसेल. चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये आम्ही जेवायला बसलो होतो. बायका मोठमोठ्या पातेल्यांतून कोबी आणि नूडल्सची हलुस्की वाढत होत्या, आणि माझा मोठा भाऊ गॉर्डन माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "नेडीन, गॅरेजची किल्ली तुझ्याकडेच आहे ना?"

मला वाटलं, त्याला डॅडची काहीतरी आठवण हवी असेल. एखादा पाना, नाहीतर त्याची ती तेलकट टोपी.

"आहे. का?"

"काही नाही गं. कर्टिस म्हणत होता, आलोच आहोत तर गाड्या बघून घेऊ."

कर्टिस म्हणजे आमचा धाकटा. तो पलीकडच्या टेबलावर अक्रोडाचा रोल खात होता आणि माझी नजर चुकवत होता.

"आज?" मी विचारलं.

"मग कधी? मला उद्या टायरचं दुकान उघडायचंय, त्याला कोलंबसला जायचंय. सारखं सारखं येणं होत नाही."

सारखं सारखं येणं होत नव्हतं, हे मला सांगायची गरज नव्हती. डॅडची फुप्फुसं गेली, ऑक्सिजनची नळी नाकाला लागली, तेव्हापासून त्या घरात मी राहत होते, आणि हे दोघं नाताळला येऊन डुकराचं मांस खाऊन परत जात होते. मी किल्ली काढून टेबलावर आपटली.

"घे. पण आधी ताटातलं संपव. त्या बायका पहाटेपासून राबल्यात."

त्या वर्षात मी गॉर्डनशी शहाण्या माणसासारखी बोलले ती ही शेवटची वेळ.

गॅरेजमध्ये डॅडच्या दोन गाड्या होत्या. एक १९७० सालची शेव्हेल, लालभडक, बॉनेटवर काळे पट्टे, पुढे चारशे चौपन्न क्युबिक इंचांचं इंजिन. डॅडने ती कोरी घेतली होती, पोलादाच्या गिरणीत डबल पाळ्या करून, लग्नाच्याही आधी. आम्हा तिघांनाही जन्मल्यावर हॉस्पिटलमधून त्याच गाडीतून घरी आणलं. दुसरी त्याच सालची प्लिमथ कुडा. जांभळी, बुटकी, रुंद, तीन कार्ब्युरेटरचं चारशे चाळीसचं इंजिन आणि पिस्तुलाच्या मुठीसारखा गिअरचा दांडा. ती त्याने फार नंतर घेतली, गिरणी बंद पडल्यावर. पेट्रोल महाग झालं होतं आणि असल्या पेट्रोलपिऊ गाड्या लोक कुणाच्याही गळ्यात मारत होते. ममा तेव्हा हयात होती, ती आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हती.

ह्या दोन गाड्यांवर मी वाढले. गॉर्डन बेसबॉल खेळायचा, कर्टिस टीव्हीसमोर पडलेला असायचा, आणि मी डॅडच्या शेजारी बॉनेटखाली दिवा धरून उभी. पुढे मी शाळांच्या बसगाड्या दुरुस्त करायच्या डेपोत लागले, लग्न केलं, लग्न मोडलं, आणि परत त्याच गॅरेजमध्ये आले. शेवटच्या वर्षांत डॅडला स्टुलावरून उठवत नव्हतं. तो नळी लावून बसायचा आणि मी काम करायचे. दोन्ही इंजिनं मी उघडली, दोन्ही पुन्हा बांधली. फक्त कुडाच्या पिस्टनचे रॉड बदलायचे म्हटलं तर म्हातारा ऐकेना.

"कारखान्यातून आलेत तेच राहू देत."

"डॅड, तुझ्या गुडघ्यांसारखे झालेत ते."

"मग गुडघ्यांसारखे वापर. पळवायचं, पण उड्या मारायच्या नाहीत."

तशीच पळवली आम्ही. दर उन्हाळ्यात एकदोनदा गावाबाहेरच्या शर्यतीच्या पट्टीवर, पाव मैल, इंजिनाचा जीव सांभाळून.

तर त्या दिवशी गॅरेज बघून दोघं स्वयंपाकघरात आले. गॉर्डन डॅडच्या खुर्चीवर बसला. बसला म्हणजे सरळ बसलाच, विचारणं नाही की काही नाही.

"आम्ही ठरवलंय," तो म्हणाला. "घर तुझं. पूर्ण तुझं. आम्ही दोघं त्यावर हक्क सांगणार नाही."

"आणि गाड्या?"

"गाड्या आम्ही एकेक घेतो."

कर्टिस घाईघाईने म्हणाला, "विचार कर ना, तुला डोक्यावर छप्पर मिळतंय! आम्हाला फक्त लोखंड."

आमच्या गल्लीत गिरणी गेल्यापासून एकाआड एक घर रिकामं आहे. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. ते घर विकायला काढलं असतं तर त्यात कुडाचं बॉनेट आणि फारतर दोन दरवाजे आले असते. हे त्या दोघांना माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही माहीत होतं.

"मला एकही गाडी नको असेल असं का वाटलं तुम्हाला?"

"तू गाडीचं काय करणार?" कर्टिस म्हणाला.

तळपायाची आग मस्तकात गेली. पण तीन रात्री झोपले नव्हते, काळा ड्रेस काखेत काचत होता, आणि मला ते दोघं घरातून जायला हवे होते. गप्प बसले. त्यांनी त्याचा अर्थ 'हो' असा घेतला.

पुढच्या महिन्यात गॉर्डनने क्लीव्हलंडहून एक किंमत ठरवणारा माणूस आणला. कर्टिसही आला होता. व्हिटलॉक त्यांचं नाव. पांढरे हातमोजे, छोटा आरसा, टॉर्च आणि खिशात लोहचुंबक. चुंबक पत्र्यावर फिरवून आत पुट्टी भरली आहे का ते बघायचे. माणूस चांगला होता, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ते गाडीखाली आडवे झाले, सीटखाली डोकावले, आणि वहीत काहीबाही लिहीत राहिले. गॉर्डनला दम निघेना.

"मग? दोन्हींतली कुठली भारी?"

"कशात?" व्हिटलॉक म्हणाले. "पळण्यात की जपून ठेवण्यात?"

"दोन्ही सांगा."

"पळण्यात शेव्हेल. त्या साली दुकानातून थेट रस्त्यावर येणाऱ्या गाड्यांत एवढा जोर फार थोड्यांकडे होता. पाव मैलात ती ह्या कुडाला सरळ मागे टाकेल. शिवाय ऑटोमॅटिक आहे, चालवणाऱ्याला डोकं लावावं लागत नाही."

"आणि ठेवण्यात?"

"कुडा." त्यांनी हातमोजा काढला. "शेव्हेलला लोक मान देतात, पण तशा बऱ्याच बनल्या. आणि नकली किती फिरतात! साधी शेव्हेल घ्यायची, पट्टे मारायचे, मोठं इंजिन टाकायचं, झाली तयार. तुमची खरी आहे, पण घेणारा दहादा संशय घेणार. कुडा मुळात कमी. त्यात तीन कार्ब्युरेटर, चार गिअर, हा जांभळा रंग, आणि इंजिन तिचं जन्माचं. इकडे या."

त्यांनी टॉर्च मारून इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेला आकडा दाखवला. गाडीच्या अंगावर होता तोच.

"जमवणारा माणूस ह्या आकड्यासाठी येतो. हा ब्लॉक आहे तोवर ही कुडा आहे. ब्लॉक गेला, तर एक छान जांभळी गाडी उरेल, बस."

मग त्यांनी विचारलं, "इंजिन कुणी बांधलंय? स्वच्छ काम आहे."

"डॅडने," गॉर्डन म्हणाला.

मी तिथेच उभी होते. हाताच्या अंतरावर.

"मी बांधलंय."

गॉर्डन हसला. "ती मदत करायची."

"मदत? गॉर्डन, डॅडला शेवटी झाकण उघडून गोळी खाता येत नव्हती!"

व्हिटलॉकनी दोघांकडे पाहिलं, "असं का," म्हणाले आणि आपलं सामान आवरायला लागले. दुसऱ्यांच्या घरातल्या भांडणात कोण पडतो?

ते गेले आणि जो तमाशा सुरू झाला, तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. लहानपणापासून दोघांनाही शेव्हेल हवी होती. तिच्यावरून मारामाऱ्या झाल्या होत्या. आता दोघांनाही कुडा हवी होती, आणि तसं म्हणायची लाज वाटत होती. म्हणून दोघं शेव्हेलचं कौतुक करत सुटले, समोरच्याने ती घ्यावी म्हणून.

"शेव्हेल तू घे कर्टिस," गॉर्डन म्हणाला. "धाकटा आहेस. ऐकलंस ना, काय जोर आहे तिच्यात!"

"छे छे, मोठ्याचा मान. डॅडची पहिली गाडी ती, मोठ्यालाच शोभते."

"माझा गुडघा गेलाय रे. मला काय करायचाय जोर?"

"अरे, म्हणूनच! ऑटोमॅटिक आहे, क्लच दाबायला नको. तुझ्यासाठीच बनवलीय. कुडाचा क्लच तुला झेपणार नाही."

"कुडाचं काय, नुसती उभी करून ठेवायची."

"उभी करून ठेवायला तुझं टायरचं दुकान आहे का म्युझियम?"

मी सिंकपाशी कपबशा धूत होते. एक बशी माझ्या हातातून सिंकमध्ये इतक्या जोरात पडली की दोन तुकडे झाले. दोघं क्षणभर थांबले, माझ्याकडे बघितलं, आणि परत सुरू झाले.

अर्ध्या तासाने गॉर्डन टेबलावर हात मारून म्हणाला, "पट्टीवर ठरवू. तू कुडा चालव, मी शेव्हेल. जिंकेल तो पहिली निवड करेल. डॅड म्हणायचाच, जो पळवेल त्याची गाडी."

"डॅड असं कधीही म्हणाला नाही," मी म्हणाले.

"तुला काय माहीत?"

"मला नाही तर कुणाला माहीत? आणि तुमची अक्कल चरायला गेलीय का? आत्ता तो माणूस सांगून गेला ना, ब्लॉक गेला तर सगळं गेलं म्हणून?"

"गाड्या पळवायलाच असतात, नेडीन."

"असतात! पण पळवता यायला हव्यात ना! कर्टिस, तू चार गिअरची गाडी शेवटची कधी चालवलीस?"

"हायस्कूलच्या डान्सला," कर्टिस म्हणाला. "हीच. विसरत नाही माणूस."

"त्यात रॉड जुने आहेत. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा पाच हजारांच्या वर नेऊ नकोस. आणि दुसऱ्यातून तिसरा टाकताना दांडा पुढे आणि उजवीकडे न्यायचा. नुसता पुढे ढकललास तर पहिला पडेल आणि..."

"कळलं गं बाई," कर्टिस म्हणाला. "शाळेची बस नाहीये." कुडा एकदा हातात आली की आपण जिंकणारच, असं त्याला वाटत होतं.

जूनमधल्या शनिवारी दुपारी गॉर्डनच्या दुकानाचा ट्रक आला आणि गाड्या ट्रेलरवर चढवल्या. मी शपथ घेतली होती की जाणार नाही. पण घरात बसवेना. मी माझ्या गाडीतून मागे गेले.

पट्टीवर वेळ मोजण्याच्या मनोऱ्यात ओडेसा टिब्ज बसते. तिचा नवरा आणि डॅड गिरणीत एकाच भट्टीवर होते. मला बघून ती खाली आली.

"नेडीन, तुझ्या बापाच्या गाड्या ही पोरं चालवणार?"

"हो."

"आणि तू?"

"मी बघणार."

ओडेसाने दातांतून शीळ घातली आणि परत वर गेली. दुसरं करणार तरी काय?

पहिल्या फेरीत कर्टिसने ॲक्सिलरेटर इतका दाबला की कुडाची मागची चाकं जागच्या जागी फिरत राहिली, धुराचा ढग झाला, आणि तोवर गॉर्डन निम्म्या रस्त्याला पोचला होता. शेव्हेलचा तो आवाज! छातीत घुमतो. एवढा राग असूनही माझ्या अंगावर काटा आला. गॉर्डन परत येताना खिडकीतून हात हलवत होता, जणू परेड चालली आहे.

"ती धरायची नाही!" कर्टिस ओरडला. "टायर गार होते!"

"जिंकलो ते जिंकलो."

"अजून एक. घाबरलास काय?"

गॉर्डनला घाबरलास म्हटलं की झालं. तो लहानपणीही ह्याच शब्दावर छपरावरून उडी मारून हात मोडून घ्यायचा.

मी कुडाच्या खिडकीशी गेले. "कर्टिस, पुरे. हरलास तर हरलास. घरी चल."

"बाजूला हो, नेडीन."

दुसऱ्या वेळेला त्याने सुरुवात खरंच चांगली केली. दिवा हिरवा झाला आणि कुडा शेव्हेलच्या पुढे नाक काढून निघाली. दुसरा गिअर नीट पडला. मग आवाजावरून मला कळलं, काटा चढत चालला होता, पाच हजार, त्याच्याही वर, आणि तो गिअर बदलत नव्हता कारण शेजारून शेव्हेल येत होती. मग त्याने दांडा ढकलला. सरळ पुढे.

पहिला गिअर पडला. मागची चाकं एकदम किंचाळली, गाडी हिसका खाऊन वाकडी झाली, आणि इंजिनातून असा आवाज निघाला, की तसा मी आयुष्यात इंजिनातून ऐकला नव्हता. एक चिरकी किंकाळी, मग स्फोट. बॉनेटखालून काळा धूर आणि पाठोपाठ पट्टीवर तेलाचा लांबच लांब पट्टा. कुडा घसरत जाऊन कठड्यापाशी थांबली.

मी धावले. कर्टिस बाहेर आला होता, धडधाकट होता. मी आधी त्याला बघितलं, हात, मान, डोळे. ते मला इथे सांगायचंय, कारण नंतर लोक काहीबाही बोलले. आधी मी भावाला बघितलं. मग गाडीखाली वाकले. ब्लॉकच्या कुशीत मूठ जाईल एवढं भोक पडलं होतं. आतून तुटका रॉड मोडक्या हाडासारखा बाहेर आला होता.

गॉर्डन पट्टीच्या टोकाहून परत आला. "काय झालं? काय झालं रे?"

कर्टिसने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "हिने काहीतरी केलंय."

"काय?"

"गाडीला काहीतरी केलंय हिने! मी बरोबर टाकला होता गिअर. हिला गाडी मिळाली नाही ना, म्हणून! आधीच सांगत होती मोडेल, मोडेल. हिला कसं माहीत?"

मला वाटलं, गॉर्डन त्याच्या थोबाडीत देईल. काही झालं तरी मी त्यांची बहीण होते. पण गॉर्डन माझ्याकडे वळला आणि एखाद्या पाद्रीसारखा आवाज काढून म्हणाला, "नेडीन, खरं काय ते सांग."

खरं काय ते सांग!

कर्टिसचं हेल्मेट जमिनीवर पडलं होतं. मी उचललं आणि गॉर्डनच्या ट्रकच्या काचेवर फेकलं, जेवढा जोर अंगात होता तेवढ्या जोराने. काच फुटून त्याच्या दुकानाच्या नावावर पसरली. मी ओरडत होते. काय ओरडले ते मला सगळं आठवत नाही. डॅडची ओकारी कुणी पुसली, त्याचे पाय कुणी चोळले, तेव्हा कुठे होतात हरामखोरांनो, असं काहीतरी. ओडेसा मनोऱ्यावरून खाली आली आणि तिने मला मागून कवेत धरलं.

"पोरांनो," ती त्या दोघांना म्हणाली, "मला वर बसून ऐकू आलं. गिअर चुकला. पट्टीवरच्या कुत्र्यालाही कळलं असेल."

"तू तिची मैत्रीण आहेस," गॉर्डन म्हणाला.

शेव्हेल आणि मोडकी कुडा ते परत माझ्या गॅरेजमध्ये टाकून गेले. आणि लगेच, त्याच आठवड्यात, दोघांनाही शेव्हेल हवी होती. गॉर्डनचं म्हणणं, पहिली फेरी मी जिंकली, मी शेव्हेल निवडली. कर्टिसचं म्हणणं, कुडा आता भंगार, मग शेव्हेल निम्मी माझी. एकमेकांना ते फोनवर शिव्या घालत होते, पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं: हे सगळं नेडीनमुळे झालं. कर्टिसने ते मावशीला सांगितलं, मावशीने चर्चमध्ये. पुढच्या शुक्रवारी मी चर्चच्या हॉलमध्ये पिएरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, आणायला गेले, तर काउंटरमागच्या मिसेस ह्रुस्काने हळू आवाजात विचारलं, "नेडीन, तू खरंच कुडाच्या पेट्रोलच्या टाकीत साखर घातलीस का गं?"

चाळीस वर्षं ती बाई मला ओळखते. मी पिएरोगी तिथेच ठेवल्या आणि थेट वकिलाकडे गेले.

वकीलबाई तरुण होत्या, टेबलावर मुलांचे फोटो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मृत्युपत्र नाही?"

"नाही."

"मग तिघांचा सारखा हिस्सा. घरात, गाड्यांत, सगळ्यात. आणि वाटणी व्हायच्या आधी शर्यतीला गाडी नेण्याचा हक्क तुमच्या भावांना कुणी दिला?"

"कुणीच नाही."

"तुम्ही आधीच का नाही आलात?"

भावांवर वकील घालायचा, हे आमच्याकडे कुणी करत नाही. लोक मनात ठेवतात आणि मरतात.

नोटीस मिळाल्याबरोबर गॉर्डनचा फोन आला. "सख्ख्या भावांना कोर्टात खेचतेस? डॅडला काय वाटलं असतं?"

"डॅडचं नाव घेऊ नकोस. तुम्ही मला चर्चमध्ये खेचलंत, मी तुम्हाला कोर्टात खेचते."

"तू पहिल्यापासून अशीच. हट्टी."

"आणि तू पहिल्यापासून त्याच्या खुर्चीवर टपलेला!"

त्याने फोन आपटला. मीही आपटला, पण त्याने आधी आपटला याचाही मला राग आला.

हिवाळा लागेपर्यंत ते चाललं. शेवटी दोघांच्या वकिलांनी त्यांना समजावलं असावं, कारण न्यायाधीशासमोर उभं राहायच्या आधीच तडजोड झाली. घर आणि मोडकी कुडा माझी. शेव्हेल विकून जे येईल ते त्या दोघांचं. मी एकच अट जास्तीची घातली होती: दोघांनी चर्चच्या हॉलमध्ये उभं राहून सांगायचं, की नेडीनने काही केलं नव्हतं. गॉर्डनने साफ नकार दिला. वकीलबाई म्हणाल्या, गाडीची वाटणी कोर्ट करून देतं, माफी काढून देत नाही. ती अट मला सोडावी लागली. मी सही करत होते तेव्हा समोर गॉर्डन घड्याळ बघत होता.

शेव्हेल ॲरिझोनातल्या एका माणसाने घेतली. त्याच्याकडे म्हणे तसल्या गाड्यांनी भरलेली एक थंडगार शेड आहे, बारा महिने तेवढंच तापमान. गाडी न्यायला बंद ट्रक आला तेव्हा भाऊ आले नाहीत. ड्रायव्हर सभ्य होता. म्हणाला, "तुम्ही चढवता का वर? माझ्याहून तुम्हाला सवय असेल."

मी ती सुरू केली. गार होती, म्हणून थोडा वेळ तशीच चालू ठेवली, डॅड ठेवायचा तशी. मग ट्रकच्या फळीवरून आत नेली आणि बंद केली. ड्रायव्हरने चाकांना पट्टे आवळले. ती आता कधी पाव मैलही धावणार नाही, हे मला माहीत होतं. रडले नाही. माझ्या अंगात राग इतका भरला होता की रडायला जागाच नव्हती.

त्या हिवाळ्यात मी कुडा उघडली. ब्लॉक दुरुस्त होण्यापलीकडचा होता. व्हिटलॉकना कुणाकडून तरी कळलं होतं. त्यांनी फोन केला, वाईट वाटलं म्हणाले, आणि ते खरंच वाटलं होतं.

"आता जमवणारे तिच्याकडे बघणार नाहीत," ते म्हणाले. "फक्त चालवायची गाडी झाली ती."

"बरं झालं," मी म्हणाले. "मला चालवताच येते."

जवळच्या लिस्बन गावाच्या पुढे एका शेतात एक जुनं, चाकांवरचं मोटारघर गवतात रुतून पडलं होतं. आत कोंबड्या राहत होत्या. पण पुढे इंजिन तेच, चारशे चाळीस. त्या काळी तसल्या अवजड गाड्यांना हेच बसवायचे. शेतकऱ्याला कोंबड्यांची काळजी, इंजिनाची नाही. मी त्याच्या कोंबड्यांना एक खुराडं करून दिलं आणि इंजिन उचलून आणलं. ब्लॉक धुतला, घासून घेतला. ह्या वेळी रॉड नवे टाकले, जाड. वर कुडाचेच तीन कार्ब्युरेटर बसवले. आकडा आता कशाशीच जुळत नव्हता. पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा गॅरेजच्या खिडक्या थरथरल्या आणि शेजारचा म्हातारा पायजम्यात बाहेर आला.

उन्हाळ्यात मी तिला पट्टीवर नेली. ओडेसाने मला पलीकडची लेन दिली. मी हेल्मेट घालत होते, तेव्हा कुंपणाच्या आतून कर्टिस येताना दिसला. वर्षभरात पहिल्यांदा. वजन उतरलं होतं त्याचं.

"छान आवाज येतोय," तो म्हणाला.

मी हनुवटीखालचा पट्टा आवळला.

"गॉर्डन आणि मी आता बोलत नाही. शेव्हेलच्या वाटणीवरून."

"मला काय त्याचं?"

तो बॉनेटला हात लावणार होता, पण लावला नाही. "नेडीन, तो गिअर. मी पुढे ढकलला ना? सरळ?"

"हो."

"मला तेव्हाच कळलं होतं. हातालाच कळलं, दांडा पडता पडता."

मी हेल्मेट काढलं. "तेव्हाच?"

"हो."

"मग तू माझं नाव का घेतलंस?"

त्याने मान खाली घातली. "गॉर्डन येत होता ना पळत. त्याला काय सांगणार होतो मी? आयुष्यभर त्याने ऐकवलं असतं."

मला वाटत होतं, त्याला खरंच तसं वाटलं असेल. घाबरलेला, डोकं फिरलेलं, बहिणीने काहीतरी केलंय असं मनापासून वाटलं असेल. वर्षभर मी त्याला एवढी तरी सूट दिली होती. आणि ह्याला माहीत होतं. चर्चमध्ये बायका माझ्यापासून सरकून बसत होत्या तेव्हा माहीत होतं. मी वकिलाच्या पायऱ्या चढत होते तेव्हा माहीत होतं.

"तुला हवं असेल तर मी चर्चमध्ये सांगतो," तो म्हणाला.

"मला हवं असेल तर?" माझा आवाज इतका चढला की शेजारच्या लेनमधल्या माणसाने वळून बघितलं. "वर्षभर तुझ्या तोंडाला कुणी कुलूप लावलं होतं का? मला हवं असेल तर म्हणे! तुला हवंय का ते बघ!"

"ओरडू नकोस ना."

"ओरडणार! माझी गाडी आहे, माझं तोंड आहे. हो बाजूला. लांब उभा राहा, चाकाखाली येशील."

तो मागे सरला. मी हेल्मेट घालून आत बसले, पट्टा लावला. मनोऱ्यावरून ओडेसाने माझं नाव पुकारलं, पूर्ण नाव, डॅडच्या हुडाक आडनावासकट, जोरात. दिवा हिरवा झाला आणि मी निघाले. पहिला, दुसरा, पुढे आणि उजवीकडे तिसरा, चौथा. शेजारचा माणूस कधी मागे पडला ते मी पाहिलंही नाही. टोकाला पोचले तेव्हा हात घट्ट वळलेले होते आणि दात आवळलेले. राग तेवढाच होता.

परतीच्या रस्त्याने मी सावकाश आले. कर्टिस अजून कुंपणापाशीच उभा होता. माझी गाडी जवळ आली तसा तो एक पाऊल पुढे झाला आणि त्याने हात अर्धवट वर केला. मी त्याच्या शेजारून गाडी नेली, आणि थांबले नाही.